दौंड–मनमाड लोहमार्ग आणि आपले रेल्वे-कारागीर

रेल्वेचा इतिहास सांगावयाचा म्हणजे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेलेल्या पहिल्या गाडीपासून आरंभ करावयाचा, असा आपल्याकडे परिपाठ पडून गेला आहे. त्यात पाहुणे येतात, तोफांची सलामी येते, नाना शंकरशेटांचे नाव येते. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रुळांची तपासणी कोणी केली, इंजिनातील राख कोणी काढली, याचा उल्लेख सहसा येत नाही. गाडी एकदा सुरू होते. ती चालू ठेवावी मात्र रोज लागते. हे रोजचे काम करणारी माणसे कोठून आली आणि त्यांना कोठवर चढू दिले गेले, या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत, आणि त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातून गेलेला दौंड–मनमाड मार्ग समोर ठेवणार आहोत.

हा मार्ग दुष्काळाचे अपत्य आहे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर जो भीषण दुष्काळ कोसळला, त्यात लोकांना काम देण्यासाठी सरकारने या मार्गाचे मातीकाम हाती घेतले. जी. आय. पी. कंपनीचे दोन मोठे रस्ते मुंबईहून निघून घाट चढत होते, एक आग्नेयेस सोलापूर–रायचूरकडे व दुसरा ईशान्येस भुसावळकडे. त्या दोहोंना घाटमाथ्यावरच जोडणारा दुवा झाला, तर उत्तरेकडील धान्य मुंबईकडे न उतरता सरळ दख्खनमध्ये येऊ शकत होते. दौंडपासून निघून भीमा, मुळा, प्रवरा आणि गोदावरी ओलांडत मनमाडला पोचणारा हा सुमारे १४६ मैलांचा रस्ता १८७८ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याचा बहुतेक भाग नगर जिल्ह्यातच होता.

एवढा रस्ता इतक्या थोड्या अवधीत कसा झाला? त्याचे उत्तर अभियंत्यांच्या कौशल्यात जितके आहे, तितकेच उपाशी माणसांच्या संख्येत आहे. शेत पडले, गुरे गेली, तेव्हा कुणबी, महार, मांग, धनगर अशी सगळीच माणसे बायकामुलांसह दुष्काळी कामांवर आली. १८७७ च्या आरंभी मजुरी कमी करून दिवसाला एक पौंड धान्य व वर थोडे पैसे एवढ्यावर आणली गेली, तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजूर दुष्काळी कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारापुढे मांडली. आपल्या लोकांचा रेल्वेशी पहिला संबंध आला तो असा, डोक्यावर पाटी घेऊन.

रूळ टाकले म्हणजे रेल्वे झाली, असे मात्र नव्हे. आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घातलेला भराव खचतो, खडी मातीत रुतते, आणि काल सपाट असलेला रूळ आज एका अंगाला झुकतो. वैशाखात लोखंड तापून लांबते म्हणून दोन रुळांच्या सांध्यात जागा सोडावी लागते. ती कमी पडली तर रूळ वाकतो, आणि थंडीत वाजवीपेक्षा वाढली तर सांध्यावरचे बोल्ट तुटू शकतात. म्हणून मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावर एक टोळी नेमलेली असे. टोळीचा मुकादम रुळाशी डोळा लावून वाकडेपणा पाही; बाकीचे खडी सारून स्लीपरखाली ठोकून बसवीत. चावीवाला रोज आपला तुकडा पायी तपासून सैल झालेल्या चाव्या घट्ट करी. पुस्तक न वाचलेल्या या माणसांना जमिनीची व लोखंडाची जी पारख होती, ती अभियांत्रिकीच होय. तिला त्या नावाने कोणी संबोधले नाही, एवढेच.

इंजिनाच्या शेडमध्ये निराळी शाळा होती. दौंड आणि मनमाड ही या मार्गाची दोन्ही टोके जंक्शनची, तेथे कोळसा-पाण्याची व दुरुस्तीची सोय होती. पोरगा प्रथम क्लीनर म्हणून लागे. चिंध्या आणि तेल घेऊन इंजिन पुसता पुसता त्याचा प्रत्येक सांधा त्याच्या ओळखीचा होई. मग फायरमन, मग शंटर, मग मालगाडीचा ड्रायव्हर, आणि फार पुढे उतारूंच्या गाडीचा. डब्यांकडे हातोडीवाला असे. मडके घेताना आपल्या बायका टिचकी मारून पाहतात, तसा तो प्रत्येक चाकावर हातोडी मारी. चाक धड असेल तर आवाज खणखणीत येई, तडा गेला असेल तर बद्द. त्या एका आवाजावर शेकडो उतारूंचा जीव अवलंबून असे. पुढे मनमाडला १९०६ मध्ये पुलांचे लोखंडी गर्डर तयार करणारा कारखाना निघाला आणि या टापूतील रेल्वे-कारागिरीला एक मोठे घर मिळाले.

तथापि या शिडीला वरच्या पायऱ्या होत्या, आणि तेथे आपल्या माणसांना वाट नव्हती. मेल गाडीचे ड्रायव्हर, फोरमन, इन्स्पेक्टर या जागांवर युरोपियन व अँग्लो-इंडियन यांना पसंती असे. शिक्षण नव्हते म्हणावे, तर पुण्यात १८५४ पासून अभियांत्रिकीचा वर्ग होता आणि मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाले होते. १८९९ मध्ये जी. आय. पी. च्या तारायंत्रावरील सिग्नलरांनी वेतन व नोकरीच्या अटींसाठी संप केला आणि लोकमान्य टिळकांनी त्यांना पाठिंबा दिला. १९२१ च्या ॲकवर्थ समितीच्या अहवालात तर आकडेच आले: हिंदुस्थानातील रेल्वेत सुमारे सात लक्ष हिंदी नोकर व अवघे सात हजार युरोपियन, परंतु सर्वोच्च जागांपैकी एकही हिंदी माणसाकडे नव्हती. राबणारे हात सात लक्ष आणि नकाशावर सही करणारा हात त्यांतला एकही नाही, असा हा हिशेब होता.

यानंतर दारे हळूहळू किलकिली झाली. १९२५ मध्ये जी. आय. पी. चा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला. १९२७ मध्ये बिहारमधील जमालपूरच्या कारखान्यात हिंदी तरुणांना यांत्रिक अधिकारी बनविणारा खास उमेदवारांचा वर्ग निघाला. स्वातंत्र्यानंतर, ५ नोव्हेंबर १९५१ रोजी, मध्य रेल्वे अस्तित्वात आली. १९५९ मध्ये पुण्यास लोहमार्गाच्या शिक्षणाची शाळा निघाली; तीच आज भारतीय रेल्वेची स्थापत्य अभियांत्रिकी संस्था आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने आय.टी.आय. झालेल्या मुलाला कारखान्यात शिकण्याचा कायदेशीर मार्ग मिळाला.

यंत्रेही बदलली. १९९५ मध्ये रुंद मार्गावरील वाफेचे इंजिन देशातून निवृत्त झाले. डिझेल आले, मग वीज. खडी ठोकण्याचे काम पुष्कळ अंशी यंत्रे करतात, तड्यांचा शोध ध्वनिलहरींनी घेतला जातो. गँगमनला आता ट्रॅकमेंटेनर म्हणतात. परंतु पावसाळ्याच्या रात्री भरावावरून कंदिलाऐवजी विजेरी घेऊन माणूसच चालतो, आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीचा धोका त्याच्याही वाट्याला पूर्वीसारखाच आहे.

आता दुसऱ्या एका मार्गाकडे पाहू. नगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा रस्ता १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. आष्टीपर्यंत गाडी धावली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी, आणि बीडला पोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. दुष्काळात मरणाऱ्या माणसांकडून जो रस्ता दोन वर्षांत उठला, तसाच रस्ता स्वतंत्र देशात तीस वर्षे रेंगाळला, असे कोणी उपहासाने म्हणेल. आम्हांस ही तुलना पुरती न्याय्य वाटत नाही. त्या वेगाची किंमत ज्यांनी दिली, त्यांना नकार देण्याची सोय नव्हती. भूक हीच त्यांची मुकादम होती. जमिनीचा मोबदला आणि कामाची मजुरी मागण्याचा हक्क असलेल्या माणसांचा रस्ता थोडा सावकाश होणारच. मात्र तीस वर्षांचा सगळा उशीर या सबबीखाली झाकता येणार नाही, हेही तितकेच खरे.

खरी कसोटी निराळी आहे. पाथर्डी, जामखेड, आष्टी या टापूतील माणसे आजही ऊसतोडीला बाहेर जातात. नव्या रुळांशी त्यांच्या मुलांचा संबंध केवळ पाटी आणि फावड्यापुरता राहणार, की त्यांतून फिटर, लोको पायलट, कनिष्ठ अभियंता आणि पुढे मार्गाची आखणी करणारा अधिकारीही निघणार? परीक्षा सर्वांना खुल्या आहेत. परंतु खुल्या दारापर्यंत पोचावयास गणित पक्के लागते, जवळ तंत्रशाळा लागते, आणि अशी वाट आहे हे वेळेवर सांगणारे कोणी तरी लागते. पहिल्या दोन गोष्टी सरकारने कराव्यात. तिसरी आपण नगरकरांनी करावयाची आहे. ज्यांच्या पणजोबांनी भराव घातला, त्यांच्या पणतवंडांनी नकाशावर सही करावी, एवढे झाले तरच दौंड–मनमाड मार्गाचे देणे फिटले असे आम्ही समजू.