गंडमाळा, खनाजीर आणि हॉजकिनचा आजार

मानेतील गाठींच्या माळेला मराठीत गंडमाळा म्हणतात. अरबी-उर्दू तिब्बी ग्रंथांत त्यासाठी ‘खनाजीर’ हा शब्द येतो. इब्न सीना (मृत्यू १०३७) यांच्या ‘अल-कानून’मध्येही तो आहे. खनाजीर हे ‘खिंजीर’चे, म्हणजे डुकराचे, अनेकवचन होय. लॅटिनमधील ‘स्क्रोफ्युला’ हा शब्दही डुकरिणीवरूनच आला आहे. भाषा वेगवेगळ्या, कल्पना मात्र एकच. तथापि या एका नावाखाली निरनिराळे आजार शेकडो वर्षे एकत्र नांदत होते, ही बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. यांतील बहुतेक गाठी क्षयाच्या असत. काही मात्र कर्करोगाच्या होत्या.

हा भेद प्रथम थॉमस हॉजकिन यांनी मांडला. लंडनच्या गाय्ज रुग्णालयात ते शरीरविकृतीच्या संग्रहालयाचे काम पाहत. जानेवारी १८३२ मध्ये लसिका ग्रंथी व प्लीहा यांच्या विकृतीवरील त्यांचा निबंध लंडनच्या वैद्यक संस्थेत वाचला गेला. त्यात सात रुग्णांची हकीकत होती. सूक्ष्मदर्शकाचा आधार नव्हता. जे दिसले ते केवळ डोळ्यांनी. निबंधाकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही आणि १८३७ मध्ये त्याच रुग्णालयात हवे असलेले पदही त्यांना मिळाले नाही. पुढे सॅम्युएल विल्क्स यांना स्वतंत्रपणे हाच आजार आढळला. आपल्या आधी हॉजकिन यांनी तो नोंदवला आहे हे कळल्यावर त्यांनी १८६५ मध्ये आजाराला हॉजकिन यांचेच नाव दिले. असा प्रांजळपणा संशोधनाच्या क्षेत्रात विरळाच!

क्षयाची सावली मात्र हटली नाही. १८९८ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्ग यांनी या गाठींतील महापेशींचे वर्णन केले, परंतु आजार क्षयाचाच एक प्रकार मानला. १९०२ मध्ये बाल्टिमोरच्या डोरोथी रीड या तरुण डॉक्टरबाईंनी रुग्णांना ट्यूबरक्युलिन टोचून पाहिले व हा क्षय नव्हे असे ठामपणे मांडले. त्या पेशींना आज रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात. १९२६ मध्ये हॉजकिन यांच्या काही रुग्णांचे जतन केलेले नमुने तपासले गेले, तेव्हा ते सर्वच या आजाराचे नव्हते असे आढळले. मूळ प्रतिपादनाला मात्र त्याने बाध येत नाही.

उपचार फार उशिरा आले. १९६४ मध्ये अमेरिकेत चार औषधांचा एकत्रित प्रयोग सुरू झाला आणि वाढलेल्या अवस्थेतीलही सुमारे निम्मे रुग्ण बरे होऊ लागले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत वाढलेल्या आजाराच्या रुग्णांना रसायनोपचारासोबत निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीला मोकळे करणारे औषध दिले गेले. दोन वर्षांनंतर आजार न बळावलेल्यांचे प्रमाण त्या गटात ९२ टक्के, तर तुलनेच्या गटात ८३ टक्के होते.

परंतु हे उपचार निदानानंतरचे. भारतात क्षय मोठ्या प्रमाणावर असल्याने मानेतील गाठ दिसताच प्रथम त्याचाच संशय येतो. ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे ही लक्षणेही दोहोंत सारखीच. परिणामी काही रुग्ण कित्येक महिने क्षयाची औषधे घेत राहतात. शिवाय रीड-स्टर्नबर्ग पेशी गाठीत विरळ असतात, सुईने काढलेल्या नमुन्यात त्या सापडतीलच असे नाही. म्हणून शक्य तेथे संपूर्ण गाठ काढून तपासली जाते.