कॅलिफोर्नियातील सामुदायिक महाविद्यालये : कायद्याची मान्यता आणि देणगीदारांचा प्रभाव

एखाद्या शिक्षणसंस्थेस विधिमंडळाची मान्यता मिळाली की तिच्या स्थैर्याचा प्रश्न सुटला, असे आपण पुष्कळदा गृहीत धरतो. वस्तुतः मान्यता आणि द्रव्य या दोन भिन्न गोष्टी होत. मान्यता देणाऱ्या कायद्याने द्रव्याचा भार कोणावर टाकला, यावरच त्या संस्थेवर पुढे कोणाचा प्रभाव पडणार हे बव्हंशी ठरते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

येथील सामुदायिक महाविद्यालये प्रारंभी ‘ज्युनिअर कॉलेज’ या नावाने ओळखली जात. आपल्याकडील अकरावी-बारावीच्या वर्गांशी त्यांचा घोटाळा होऊ नये. तेथे पदवी अभ्यासक्रमाची पहिली दोन वर्षे अभिप्रेत होती. सिनेटर अँथनी कॅमिनेटी यांच्या पुढाकाराने 1907 साली झालेल्या कायद्याने माध्यमिक शाळांना हे शिक्षण देण्याची मुभा दिली. त्यानुसार 1910 साली फ्रेस्नो येथे पहिले वर्ग सुरू झाले. परंतु या कायद्यात मुभा होती, पैसा नव्हता. राज्याचे साहाय्य प्रथम 1917 च्या कायद्याने मिळू लागले. 1921 साली स्वतंत्र महाविद्यालयीन जिल्हे स्थापण्याची तरतूद झाली, आणि संघराज्याच्या भूमीवरील खनिजांच्या स्वामित्वशुल्कातून एक निधी उभारण्यात आला. अखेर 1960 च्या डोनाहो कायद्याने या महाविद्यालयांना राज्याच्या उच्च शिक्षणव्यवस्थेत विद्यापीठ व राज्य महाविद्यालये यांच्या जोडीने स्थान दिले.

मान्यतेचा हा प्रवास येथे पूर्ण झाला, असे दिसते. तथापि इमारतींचा प्रश्न निराळा होता. त्यांच्यासाठी जिल्ह्याने कर्जरोखे काढावयाचे, त्यास स्थानिक मतदारांची संमती घ्यावयाची आणि मालमत्ताकरातून ते फेडावयाचे, अशी रीत होती. 1879 च्या राज्यघटनेने या संमतीसाठी दोन-तृतीयांश मतांची अट घातली होती. 1978 साली मतदारांनी ‘प्रस्ताव 13’ संमत करून मालमत्ताकरावर कडक मर्यादा घातली; तेव्हा हा मार्गच खुंटला. 1986 साली तो पुन्हा खुला झाला, पण दोन-तृतीयांशांची अट कायमच राहिली.

ही अट सैल करण्याचा पहिला प्रयत्न मार्च 2000 मध्ये फसला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘प्रस्ताव 39’ संमत झाला आणि शाळा व सामुदायिक महाविद्यालये यांच्या कर्जरोख्यांस 55 टक्के मते पुरेशी ठरली. या मोहिमेस भांडवल-गुंतवणूकदार जॉन डोअर आणि उद्योजक रीड हेस्टिंग्ज यांच्यासारख्या धनिकांनी मोठ्या देणग्या दिल्या होत्या. त्यांचा हेतू शिक्षणहिताचा होता, असे मानण्यास हरकत नाही. परंतु घटनेतील अट बदलण्याचे कार्यही खाजगी द्रव्यावाचून पार पडले नाही, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

याचे कारण न्यायनिर्णयांत सापडते. मतदारांना एका बाजूस वळविण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करता येणार नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टॅन्सन विरुद्ध मॉट (1976) या खटल्यात ठरविले. निर्णय न्याय्यच होता. मात्र त्यामुळे महाविद्यालयाच्या रोख्यांचा प्रचार खाजगी वर्गणीवर विसंबून राहिला. दुसरीकडे, लोकमतास टाकलेल्या प्रश्नांवर कंपन्यांना खर्च करण्याचा हक्क संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली मान्य केला. आणि अशा प्रचार-समित्यांना द्यावयाच्या देणग्यांवर बर्कले नगराने घातलेली मर्यादा 1981 साली रद्द ठरविली. म्हणजे ज्याचे हित गुंतले त्या महाविद्यालयास बोलण्यास बंदी, आणि ज्याचा नफा गुंतला त्याच्या देणगीस मर्यादा नाही, अशी स्थिती उद्भवली. साहजिकच बांधकामाचे कंत्राटदार, वास्तुविशारद आणि कर्जरोखे विकणाऱ्या वित्तसंस्था या मोहिमांचे देणगीदार बनले.

या व्यवहारातील धोका उघड होता. जानेवारी 2016 मध्ये राज्याच्या महाधिवक्त्या कमला हॅरिस यांच्या कार्यालयाने मत दिले की, निवडणुकीपूर्वी प्रचाराचे साहाय्य घेऊन त्याच्या मोबदल्यात निवडणुकीनंतरच्या रोखेविक्रीचे काम त्याच संस्थेस देण्याचे जिल्ह्याने कबूल करणे कायद्याविरुद्ध आहे. मात्र असा करार नसताना दिलेली देणगी या मताच्या कक्षेत येत नव्हती. ‘प्रस्ताव 39’ ने नेमावयास लावलेल्या नागरिक-समित्यांचे कामही संमत झालेल्या पैशाच्या विनियोगावर देखरेख ठेवण्याचे. संमती कोणाच्या द्रव्याने मिळविली, याची चौकशी त्यांच्याकडे नव्हती.

देणगीदारांनी महाविद्यालये बिघडविली, असा सरसकट निष्कर्ष यावरून काढणे उचित नव्हे. अंतिम निर्णय मतदारांचाच होता, आणि इमारतीही विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडल्या. परंतु कोणती इमारत हवी, हा प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच तिच्या बांधणीत स्वारस्य असलेला पक्ष उपस्थित असतो, हा दोष उरतोच. 1907 च्या कायद्याने मुभा देऊन पैशाचा प्रश्न स्थानिकांवर सोडला. पुढील कायद्यांनी अध्यापनखर्चाचा भार बराच उचलला, परंतु इमारतींच्या बाबतीत तो प्रश्न मतपेटीजवळच राहिला. देणगीदारांनी ही पोकळी निर्माण केली नाही. कायद्याने मोकळ्या ठेवलेल्या जागेत ते आले. शिक्षणविषयक कायद्याच्या अभ्यासकाने म्हणूनच मान्यतेच्या कलमांइतकेच द्रव्याच्या कलमांकडे, आणि विशेषतः जेथे असे कलमच नाही त्या जागेकडे, लक्ष दिले पाहिजे.