यादी यादीच राहू द्यावी

३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रजी फौज तट चढून झाशी शहरात शिरली. दुसऱ्या रात्री राणी लक्ष्मीबाई किल्ला सोडून काल्पीकडे निघाल्या. मागे शहर राहिले आणि त्या शहरात वरसईचे विष्णुभट गोडसे राहिले. चार पैसे दक्षिणा मिळावी, घरचे कर्ज फिटावे, एवढ्यासाठी ते कोकणातून उत्तरेत आले होते.

पुढचे दिवस त्यांनी 'माझा प्रवास'मध्ये सांगितले आहेत. आपली भीती ते लपवत नाहीत. पण लुटीपाशी आले की भाषा जमाखर्चाची होते: आधी सोनेनाणे गेले, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे, मग धान्य. ही पाने अनुवादताना माझा हात दर वेळी एखाद्या विशेषणाकडे जातो. मराठीत ती यादी कोरडी वाटत नाही, कारण त्यातली भांडी आपल्याच फडताळातली असतात. दुसऱ्या भाषेत गेल्यावर तीच यादी निर्विकार वाटू लागते. वाचक विचारील, या माणसाला काही वाटलेच नाही का?

उत्तर मला एका लघुपटात सापडले. १९४७ साली मुंबईच्या महंमद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार मारले. चित्रकार तय्यब मेहता यांनी ते घरातून पाहिले होते. १९७० मध्ये त्यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी 'कूडल' हा सोळा मिनिटांचा प्रयोगशील लघुपट केला. कूडल म्हणजे तमिळमध्ये संगम. त्यात कथानक नाही. वांद्र्याच्या कत्तलखान्यात कोसळणारा बैल आहे आणि त्याच्याकडे पाहत राहणारा कॅमेरा आहे. दुःख कुणी बोलून दाखवत नाही. प्रतिमांमधली दरी प्रेक्षकालाच ओलांडावी लागते.

पाहणे आणि सांगणे यांत मेहतांची तेवीस वर्षे गेली. गोडसे भटजींनीही चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहिले ते जवळजवळ पाव शतकाने. एवढ्या काळानंतर टिकून राहिलेला क्रम, आधी काय गेले, मग काय, हीच त्यांच्या जखमेची खूण असावी. ज्याला काही वाटले नाही तो भांड्यांचा क्रम कशाला लक्षात ठेवील?

मजकूर सावरण्याचा मोह जुनाच आहे. १९०७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर पुस्तक छापताना वैद्यांनीही त्यावर हात फिरवला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली, ती १९६६ मध्ये.

म्हणून आता मी यादी यादीच ठेवते. भटजी घरी परतले तेव्हा मिळवलेले द्रव्य वाटेत लुटले गेले होते. खांद्यावर गंगेची कावड मात्र होती. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. तिथेही मी विशेषण घालणार नाही.