उत्तराविना संपणारा धडा: हार्वर्ड ते गोसीखुर्द

१/ व्यापार केवळ व्याख्याने ऐकून शिकता येतो का? १९०८ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने व्यवस्थापनशाळा काढली, तेव्हापासून हा प्रश्न तिच्यापुढे होता.

२/ १९१९ साली तेथे अधिष्ठाता झालेले वॉलेस डोनहॅम मूळचे कायद्याचे पदवीधर. विधिशाळेत विद्यार्थी खटले वाचून वाद घालत. तीच रीत त्यांनी येथे रुजवली.

३/ १९२१ ची पहिली ‘केस’ जोड्यांच्या कारखान्याची: कामगार सुटीच्या वेळेआधीच हात का आवरतात? मजकूर जेमतेम एक पान. निर्णय विद्यार्थ्याने घ्यायचा आणि वर्गापुढे त्याचे समर्थनही करायचे. मुकाट बसून टिपणे उतरवण्याची सोय संपली.

४/ १९६१ साली हार्वर्डच्याच सहकार्याने अहमदाबादेत भारतीय व्यवस्थापन संस्था उभी राहिली आणि ही पद्धत भारतात स्थिरावली.

५/ अशा केसची सामग्री विदर्भातही आहे. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाचा १९८३ चा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. २००९ साली राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. २०१२-१३ च्या दरांनुसार सुधारित खर्च १८,४९४ कोटी.

६/ आता विद्यार्थ्याला १९८८ च्या निर्णयकर्त्याच्या खुर्चीत बसवावे. आधी धरण, कालवे की पुनर्वसन? विलंबाची किंमत कोणाच्या खाती? बुडालेल्या गावाचे मोल ताळेबंदाच्या कोणत्या रकान्यात मांडावे?

७/ पाठ केलेली व्याख्या येथे अपुरी पडते. चुकलेल्या निर्णयाची किंमत एखाद्या गावाने मोजलेली असते, हे उमगलेला विद्यार्थी पुढचे पान स्वतःहून उलटतो.