रिकामी मतपेटी

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आमचा नातू मतदानाला गेला नाही. "आजोबा, कोणावरच भरवसा राहिला नाही, मग मत देऊन काय उपयोग?" मी रागावलो खरा, पण त्याला द्यायला नीट उत्तर काही सुचले नाही. बऱ्याच दिवसांनी सुचले, ते इथे लिहून ठेवतो.

जानेवारी १९८० च्या लोकसभा निवडणुकीत मला मतदान अधिकाऱ्याची ड्यूटी लागली होती. सकाळी केंद्राध्यक्षांनी रिकामी मतपेटी उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवली. एका वयस्कर शेतकऱ्याने नुसते बघितले नाही, तर पेटीत हात घालून तळ चाचपला. मी तरुण होतो, मला तो आमचा अपमान वाटला. केंद्राध्यक्ष मात्र शांतपणे म्हणाले, "बघा, नीट बघा. तो तुमचा हक्कच आहे." मग सीलवर प्रतिनिधींच्या सह्या झाल्या आणि मतदान सुरू झाले.

आपल्या निवडणुकांचा इतिहास हा अशा हात घालून बघणाऱ्यांचाच इतिहास आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते, बहुतेकांना लिहितावाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. 'अमक्याची बायको' एवढीच ओळख सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचा आग्रह होता की मतदाराला स्वतःचे नाव हवे. निर्णय कठोर होता, पण नियम सर्वांना एकच होता.

१९८२ मध्ये केरळातल्या परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर पहिल्यांदा मतदान यंत्रे वापरली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द केले, कारण कायद्यात यंत्राची तरतूदच नव्हती. तिथे फेरमतदान झाले. कायदा १९८९ मध्ये बदलला, मगच यंत्रांचा मार्ग मोकळा झाला. पुढे यंत्रांवरही शंका आल्या, तेव्हा २०१३ मध्ये न्यायालयाने कागदी चिठ्ठीची गरज मान्य केली. म्हणजे शंका घेणाऱ्यांमुळे व्यवस्था मोडली नाही, सुधारली.

"आमच्यावर विश्वास ठेवा" एवढेच म्हणणारी संस्था लोकांना दुरावते. विश्वास मागून मिळत नाही, पेटी उघडून दाखवावी लागते. आज हे काम कुठे कमी पडत असेल तर तिथे प्रश्न विचारलेच पाहिजेत.

पण नातवाला मला दुसरीही गोष्ट सांगायची आहे. त्या शेतकऱ्याचाही आमच्यावर विश्वास नव्हता. तरी तो घरी बसला नाही. मतदान संपून पेटीला सील लागेपर्यंत तो केंद्रावर होता. निघताना मला नमस्कार करून गेला.

असो. हा लेख नातवाला पाठवला आहे. उत्तर अजून आलेले नाही.