भिंतीतली शेगडी : राखावी की बदलावी?

अमेरिकेच्या उत्तर भागात किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या नातलगांकडून नाताळची छायाचित्रे येतात, तेव्हा काही घरांच्या दिवाणखान्यात विटांनी बांधलेला एक मोठा कोनाडा दिसतो. वर फळीवर गव्हाणीचा देखावा आणि खाली, कोनाड्याच्या पोटात, काचेचे दार असलेली काळीभोर लोखंडी पेटी. ही पेटी म्हणजे लाकूड जाळून खोली ऊबदार ठेवणारी शेगडी. जुन्या उघड्या शेकोटीच्या तोंडात ती आत सरकवून बसवतात, म्हणून तिकडे तिला ‘इन्सर्ट’ म्हणतात. आपल्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाचे आणि तिचे दूरचे नाते लागते.

पंचवीस-तीस हिवाळे इमानेइतबारे पेटलेली ही शेगडी राखावी, की काढून टाकून नवी आणावी, असा प्रश्न थंड प्रदेशातल्या असंख्य कुटुंबांपुढे उभा असतो. वरकरणी प्रश्न घरखर्चाचा. परंतु त्याच्या मागे पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि माझ्या मते दुकानदारापेक्षा तो इतिहासच अधिक सरळ उत्तर देतो.

उघडी शेकोटी डोळ्यांना सुंदर दिसते, पण ऊब देण्याच्या कामी ती उधळी असते. उष्णतेचा मोठा वाटा धुराड्यातून थेट आकाशात जातो. शिवाय जाताना तो खोलीतली तापलेली हवाही ओढून नेतो, आणि तिची जागा घ्यायला दारा-खिडक्यांच्या फटींतून गार वारा आत शिरतो. माणसाचे पोट भाजते आणि पाठ गारठते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी नेमके यावर बोट ठेवले. १७४०च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी बिडाच्या पत्र्यांची एक पेटी तयार केली आणि १७४४ साली तिची माहिती देणारी पुस्तिका छापली. त्यांची चिंता लाकडाची होती. शंभर वर्षांपूर्वी जे सरपण दारात मिळे, ते आता काही शहरांना शंभर मैलांवरून आणावे लागते, असे त्यांनी लिहिले आहे. पेनसिल्व्हेनियाच्या राज्यपालांनी देऊ केलेला एकाधिकार त्यांनी नाकारला. इतरांच्या शोधांचा लाभ आपण घेतो, तर आपला शोधही मोकळा असावा, ही त्यांची धारणा. ही पेटीही जुन्या शेकोटीच्या आतच बसवायची होती, म्हणून तिला आजच्या इन्सर्टची पणजी म्हणायला हरकत नाही. पण तिच्यात एक खोट होती. धूर आधी खाली उतरून मग वर चढावा अशी तिची रचना होती, आणि धूर स्वभावतः खाली उतरत नाही. पुढे इतरांनी तिचे रूप बदलले आणि फ्रँकलिन यांचे नाव तेवढे शिल्लक ठेवले.

दुसरे नाव बेंजामिन टॉम्सन यांचे. १७५३ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला हा माणूस अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या बाजूने राहिला आणि पुढे बव्हेरियाच्या राजदरबारी चाकरीस लागला. म्युनिकमधील भिकाऱ्यांना त्याने काम, ऊब आणि गरम सूप मिळवून दिले. तिथेच त्याला काउंट रम्फर्ड हा किताब मिळाला. १७९६ साली त्याने शेकोट्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. रम्फर्डने नवी पेटी विकली नाही. शेकोटीची खोली कमी करा, दोन्ही बाजूंच्या भिंती तिरक्या बांधा म्हणजे उष्णता खोलीत परावर्तित होईल, आणि धुराड्याचा गळा अरुंद करा, एवढेच तो सांगत होता. एक गवंडी, थोड्या विटा आणि थोडा चुना, की काम झाले. लंडनमधल्या अनेक घरांतल्या धुरकट शेकोट्या या उपायाने सुधारल्या. ‘राखावी की बदलावी’ या दोन टोकांच्या मध्ये ‘दुरुस्त करावी’ अशी तिसरी वाट असते, हे या निबंधात प्रथम स्पष्ट दिसते. (शेकोट्या सुधारणाऱ्या या गृहस्थाच्या स्वतःच्या दोन्ही संसारांत मात्र ऊब टिकली नाही.)

पुढचे शतक कोळशाचे, त्यानंतरचे तेलाचे आणि वायूचे. लाकडाची शेकोटी सणावारी पेटवायची शोभा होऊन बसली.

मग १९७३चा ऑक्टोबर आला. अरब राष्ट्रांनी तेलपुरवठा रोखला, किमती भडकल्या. १९७९ साली इराणच्या क्रांतीने पुन्हा तोच प्रसंग आणला. तळघरातला तेलाचा बंब चालवणे महाग पडू लागले आणि लोकांना दिवाणखान्यातली विसरलेली शेकोटी आठवली. आज ज्यांच्याविषयी घराघरांत विचारविनिमय चालतो, त्या जुन्या इन्सर्टांपैकी पुष्कळ या काळातले आहेत. घर गोठू नये म्हणून वडिलांनी आणलेली वस्तू काढताना मुलांचा हात अडतो. हे समजण्यासारखे आहे.

त्या काळच्या शेगडीचा मोठा गुण म्हणजे तिची झडप. झडप बंद केली की हवा तुटते, लाकूड रात्रभर धुमसत राहते आणि सकाळी निखारे शिल्लक असतात. हा गुणच तिचा दोष ठरला. लाकूड तापले की त्यातून आधी ज्वालाग्राही वायू आणि डांबरी वाफा निघतात. त्यांना पुरेशी हवा व उष्णता मिळाली तर त्या जळून ऊब देतात. न मिळाल्यास धूर होऊन निघून जातात. म्हणजे धूर हे न जळलेले सरपणच होय. तो थंड धुराड्याला लागला की त्याचा चिकट, काळा थर साचतो. त्याला क्रिओसोट म्हणतात, आणि एखाद्या रात्री मोठा जाळ झाला की तो थरच पेट घेतो. त्यातून अनेकांनी इन्सर्ट नुसता आत ढकलून दिला, वरपर्यंत धातूची नळी घातलीच नाही. शेकोटीसाठी बांधलेल्या रुंद धुराड्यात धूर रेंगाळला, निवला आणि थर वाढत गेला. धुराड्यांच्या आगी हा त्या वर्षांतला नित्याचा विषय झाला.

बाहेर गेलेला धूर तरी कुठे जातो? डोंगरांमधल्या खोऱ्यांत थंडीच्या रात्री गार हवा तळाशी बसते, वर उबदार हवेचे झाकण पडते आणि गावाचा धूर गावातच कोंडतो. ऑरेगन राज्याने याविरुद्ध प्रथम पाऊल उचलले. १९८३ साली कायदा झाला आणि १९८६पासून नव्या शेगड्यांना धुराची मर्यादा लागू झाली. १९८८ साली देशभरासाठी नियम आले. त्यांच्या दुसऱ्या टप्प्यात, १९९०पासून, साध्या शेगडीने तासाला ७.५ ग्रॅम आणि उत्प्रेरक बसवलेल्या शेगडीने ४.१ ग्रॅमपेक्षा अधिक सूक्ष्म कण सोडू नयेत असे ठरले. त्याआधीच्या शेगड्या तासाला १५ ते ३० ग्रॅम सोडतात, असा तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे. २०१५च्या नियमांनी मर्यादा ४.५ वर आणली आणि २०२०पासून ती २ ग्रॅम झाली. नेहमीच्या फोडलेल्या लाकडावर चाचणी घेतल्यास अडीच.

मोंटाना राज्यातल्या लिबी या गावाची हकीकत इथे मुद्दाम सांगावीशी वाटते. तीन हजारांहून कमी वस्तीचे हे खाणगाव ॲस्बेस्टॉसच्या धुळीने आधीच पोळलेले होते. अनेकांची फुप्फुसे त्या धुळीने निकामी केली होती. त्यावर हिवाळ्यात लाकडाच्या धुराची भर. २००५ ते २००७ या काळात तिथल्या सुमारे अकराशे जुन्या शेगड्या बदलण्यात आल्या. हिवाळ्यात हवेतले सूक्ष्म कण पाव हिश्शाहून अधिक घटले आणि मुलांच्या छातीतली घरघरही कमी झाल्याचे संशोधकांना आढळले. घराच्या आतली हवा मात्र सर्वत्र सारखी सुधारली नाही. नवी शेगडी आणली तरी ओले लाकूड आणि झडप दाबून ठेवण्याची सवय तीच राहिली, तर लोखंड बिचारे काय करणार?

टास्मानियातल्या लॉन्सेस्टन शहराने वेगळा मार्ग घेतला. २००१पासून तिथे लाकडाच्या शेगड्या काढून मुख्यतः विजेवरची साधने बसवण्यास साहाय्य देण्यात आले. लाकडावर घर तापवणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर उतरले आणि हिवाळ्यातले कण ३९ टक्क्यांनी घटले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पुरुषांमधील मृत्यूंचे प्रमाण ११.४ टक्क्यांनी कमी झाले होते. स्त्री-पुरुष मिळून पाहिल्यास घट लहान आणि अनिश्चित होती. आकडे जपून वाचावेत, पण दिशा नजरेआड करता येत नाही.

तेव्हा निर्णय कसा घ्यावा? प्रथम शेगडीच्या मागे किंवा कडेला प्रमाणपत्राची धातूची पट्टी शोधावी. ती नसेल आणि शेगडी १९८८च्या आधीची असेल, तर माझ्या मते तिचा मोह सोडावा, ती कितीही मजबूत असली तरी. तिची मजबुती हीच अडचण आहे, कारण ती आणखी चाळीस वर्षे धूर सोडत राहील आणि तो धूर शेजाऱ्याच्या पाळण्यापर्यंत जाईल. पट्टी असलेली, १९९०नंतरची शेगडी असेल तर घाई करू नये. तिथे रम्फर्डची वाट धरावी. दारात कागदी नोट धरून दार लावावे. नोट सहज सरकून बाहेर आली तर दाराची दोरी झिजली आहे. दोरी बदलणे स्वस्त असते. आतल्या तडकलेल्या भट्टीच्या विटाही बदलता येतात. वरपर्यंत पोलादी नळी नसेल तर ती घालावी, धुराडे दरवर्षी साफ करून तपासून घ्यावे, आणि लाकूड फोडून, छपराखाली रचून इतके वाळवावे की ओलावा २० टक्क्यांच्या खाली येईल. ज्या पेटीच्या मूळ अंगालाच भेग गेली आहे, तिच्यावर मात्र खर्च करण्यात अर्थ नाही.

नव्या शेगडीवरील प्रमाणपत्रही डोळे मिटून स्वीकारावे असे नाही. या प्रमाणपत्रांमागच्या चाचण्या भरवशाच्या नाहीत, असा निष्कर्ष पर्यावरण संरक्षण संस्थेच्याच महानिरीक्षकांनी २०२३ साली काढला. प्रयोगशाळेतले लाकूड आणि घरातले लाकूड यांत फरक असतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही स्वयंपाकघरातल्या आजीने चाचणीशिवाय सांगितले असते. म्हणून ज्यांच्याकडे विजेचा पर्याय परवडण्यासारखा आहे, त्यांनी लॉन्सेस्टनकडेही एकदा पाहावे. ज्यांच्या गावी हिमवादळात वीज चार-चार दिवस जाते, त्यांना हा सल्ला देण्याचे धाडस मी करणार नाही.

ऑरेगनमध्ये यातला एक निर्णय घरमालकाच्या हाती ठेवलेलाच नाही. २००९च्या कायद्यान्वये, ऑगस्ट २०१०पासून, घर विकताना प्रमाणपत्र नसलेली शेगडी वा इन्सर्ट काढावाच लागतो. तो कोणाला दान देता येत नाही की दुसऱ्या गावी विकता येत नाही. तो मोडीत काढायचा आणि तसे राज्याच्या पर्यावरण विभागाला लेखी कळवायचे.