गोखल्यांचा सभात्याग

कायदेमंडळांतून कोणी उठून गेलें कीं लोकशाहीची अब्रू गेली, असें आपण सहज म्हणतों. पण १९०१ च्या ऑगस्टांतला मुंबई कौन्सिलांतील प्रसंग पाहा.

१८९९-१९०० च्या दुष्काळानें रयत नागवली होती. सारा थकला होता. अशा वेळीं सरकारनें जमीन-महसुलाच्या कायद्यांत दुरुस्ती आणिली. बाकीपायीं सरकारजमा झालेली जमीन पुन्हां देतांना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क खातेदारास देऊं नये, हा तिचा रोख. सावकारापासून रयतेचें रक्षण, असा सरकारचा दावा. पण गहाण टाकावयास जमीनच नसेल, तर पेरणीच्या वेळीं बियाण्याला पैसा कोण देणार? ही लोकपक्षाची शंका कांहीं पोरकट नव्हती.

१८९२ च्या कायद्यानुसार बहुमत सरकारी सभासदांचेंच होतें. फेरोजशहा मेहतांनीं बिल लांबणीवर टाकण्याची सूचना मांडली. ती पडणार हें सर्वांस ठाऊक होतें. तशी ती पडली. तेव्हां फेरोजशहा व त्यांचे कांहीं सहकारी उठून चालते झाले.

त्यांत गोपाळराव गोखलेही होते! आंकडे आणि युक्तिवाद हींच ज्यांचीं शस्त्रें, त्या गृहस्थांनीं खुर्ची सोडावी, हें मला फार बोलकें वाटतें. जेथें मतें आधींच मोजलेलीं, तेथें भाषणाला उरतें काय? मात्र वाद पुरा घातल्यावरच ते उठले, हेंही ध्यानांत घ्यावें.

बिल मंजूर झालेंच. आणि १९०२ च्या मार्चांत हेच गोखले कलकत्त्यास वरिष्ठ कौन्सिलांत, तशाच सरकारी बहुमतासमोर, मिठावरील कराविरुद्ध बोलावयास उभे राहिले.